माळ्यावर सापडलेला टीव्ही गेम: विकावा, जपावा की खेळावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. माळा आवरताना वडिलांनी १९९०च्या दशकात आणलेला टीव्ही गेम आणि पाचसहा कॅसेटी सापडल्या. चालतात की नाही माहीत नाही. विकल्या तर पैसे येतील का? मोबाइलवर तेच गेम फुकटात खेळता येत असताना हे धूड घरात ठेवण्यात अर्थ आहे का? आणि जुन्या गेम्सचा संग्रह करायचाच झाला तर सुरुवात कुठून करावी?

मी बरीच वर्षं हे गेम जमवतोय, दुरुस्त करतोय आणि मुख्य म्हणजे खेळतोय. उत्तर लांबणार आहे, म्हणून घाईचं आधी सांगतो. यंत्र अजून प्लगला लावलं नसेल, तर आज लावू नका.

माळ्यावर वीस-पंचवीस वर्षं सुखरूप राहिलेलं यंत्र खाली उतरवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जळतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. मूळ अडॅप्टर हरवलेला असतो. राउटरचा नाहीतर कीबोर्डचा कुठला तरी सापडतो, त्याची पिन बसते आणि उत्साहात बटण दाबलं जातं. आपल्याकडे त्या काळी विकली गेलेली यंत्रं बहुतेक फॅमिकॉमच्या, म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या टीव्ही गेमच्या, घाटाची होती. फॅमिकॉममध्ये अडॅप्टरच्या पिनचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. आज घरात पडलेल्या बहुतेक अडॅप्टरांत नेमकं उलटं असतं. तेव्हा यंत्राच्या पाठीवर किंवा बुडाला छापलेली खूण बघा, व्होल्टेज बघा (बहुधा ९ व्होल्ट डीसी असतं) आणि मल्टिमीटरने अडॅप्टर तपासूनच लावा. मल्टिमीटर नसेल तर जवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जा, दोन मिनिटांचं काम आहे.

काका-मामांनी अमेरिकेहून किंवा जपानहून आणलेलं यंत्र असेल तर आणखी सांभाळा. तिथली वीज १२० आणि १०० व्होल्टची, आपली २३०ची. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. अमेरिकेत विकलेल्या निन्टेन्डो यंत्राच्या अडॅप्टरमधून तर डीसीऐवजी एसी बाहेर पडतो. तो फॅमिकॉमला लावला की फॅमिकॉम संपला.

वीज जमली की मग कॅसेट. आपण सगळ्यांनी लहानपणी कॅसेटमध्ये फुंकर मारली आहे आणि फुंकर मारल्यावर गेम चालू झालेलाही पाहिला आहे. पण गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. पिना एकमेकींवर घासल्या जायच्या आणि जोड नव्याने जुळायचा. फुंकरीतला ओलावा मात्र पिनांवर राहायचा आणि हळूहळू त्या काळ्या पडायच्या. मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, शक्यतो ९९ टक्क्यांचं घ्या. कान साफ करायच्या काडीचा कापूस त्यात भिजवा आणि पिनांवर वरून खाली फिरवा. पहिली काडी काळीकुट्ट निघेल, दुसरी करडी, मग पांढरी निघायला लागेल. वाळू द्या आणि मगच लावा. पॉलिश पेपर अजिबात नको. पिनांवरचा मुलामा फार पातळ असतो, एकदा गेला की परत येत नाही.

कॅसेट उघडली तर आत बहुधा काळ्या डांबराच्या थेंबासारखं काहीतरी दिसेल. ती उघडी चिप आहे, वर इपॉक्सीचा थर ओतलेला. स्वस्तातल्या कॅसेटी अशाच बनायच्या. त्या थराच्या कडेने ओल आत शिरली तर कॅसेट कायमची जाते आणि दुरुस्ती करता येत नाही. म्हणून मुंबईत आणि कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात या वस्तू सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवाव्यात, पुड्या अधूनमधून बदलाव्यात.

आता तुमच्या हातात नेमकं काय आहे ते सांगतो, कारण विकायचं की ठेवायचं हे त्यावरच ठरेल.

निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम आणला. त्याच्या प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ आणि मुख्य मेमरी २ केबी. १९८५ मध्ये तेच यंत्र वेगळ्या पेटीत आणि वेगळ्या कॅसेटीसह अमेरिकेत गेलं. जपानी कॅसेटला ६० पिना, अमेरिकन कॅसेटला ७२. आपल्याकडे आला तो ६० पिनांचा वंश, आणि तो मुख्यतः तैवान-चीनमध्ये बनलेल्या नकलांच्या रूपाने आला. मीडिया, लिटल मास्टर ही नावं आठवत असतील. तुमच्याकडचं यंत्र यातलंच एखादं किंवा यांचं भावंड असणार. कॅसेटवर ‘९९९९ गेम्स’ लिहिलं असेल, तर आत मोजके गेम आहेत आणि तेच पुन्हापुन्हा, कधी वेगळ्या राउंडपासून सुरू होणारे, कधी जादा लाइफ दिलेले.

पैशांच्या दृष्टीने याला फारशी किंमत नाही, हे सरळ सांगून टाकतो. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेली. ती बातमी वाचून अनेकांनी माळे धुंडाळले. तो बाजार वेगळा आहे. तिथे प्लास्टिकचं वेष्टण, खोक्याचे कोपरे आणि त्यांना दिलेले गुण यांची किंमत होते. आत गेम आहे याला फक्त नावापुरता अर्थ, कारण वेष्टण फोडलं की किंमत पडते. म्हणजे ती प्रत कुणीही, कधीही खेळणार नाही. मला हा प्रकार मनापासून नापसंत आहे. खेळण्यासाठी बनवलेली वस्तू कायमची बंद करून ठेवायची याला मी संग्रह म्हणत नाही. माझ्या कपाटातली प्रत्येक कॅसेट चालते, आणि जी चालत नाही ती दुरुस्तीच्या टेबलावर असते.

मग मोबाइलवर खेळलं तर काय बिघडलं? काहीच नाही. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणारा प्रोग्राम, ही या छंदातली अतिशय मोलाची गोष्ट आहे. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या गेम्ससाठीचा माम हा एम्युलेटरचा प्रकल्प १९९७ साली सुरू झाला. तो नसता तर कितीतरी गेम आज उरले नसते. गेमची फाइल कुठूनही उतरवणं कायद्याच्या दृष्टीने स्वच्छ नाही, हे खरं, कारण बहुतेक गेम्सचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत. पण कंपन्यांनी जे जपलं नाही ते हौशी लोकांनी जपलं, हेही तितकंच खरं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात सरळ मार्गाने विकतच मिळत नव्हते, असं त्यात आढळलं.

तरीही यंत्र ठेवा असं मी सांगतो. कारण एम्युलेटर तुम्हाला गेम देतो, पण तो तुमच्या घरात जसा चालायचा तसा देत नाही.

एक उदाहरण नीट सांगतो. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा. आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५०. मारिओचा गेम प्रत्येक चित्रामागे एक पाऊल पुढे सरकतो. त्यामुळे भारतात विकलेल्या ज्या यंत्रांत पाल पद्धतीच्या चिप होत्या, त्यांत मारिओ जपानी मारिओपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने हळू धावायचा आणि संगीताची लयही तेवढीच संथ असायची. सूर मात्र जवळजवळ मूळचाच राहायचा, कारण आवाज तयार करणाऱ्या प्रोसेसरचा वेग त्या चिपमध्ये मूळच्या जवळपास ठेवलेला होता. आज चाळिशीतली माणसं मोबाइलवर मारिओ सुरू करतात आणि म्हणतात, ‘हा फार पळतोय, माझ्या उड्या चुकतायत.’ त्यांची आठवण अचूक असते. त्यांच्या बोटांना ५०चा ताल लागलेला आहे. काही एम्युलेटरमध्ये ‘डेंडी’ नावाची सोय असते. डेंडी हा रशियात गाजलेला याच जातीचा टीव्ही गेम. ती निवडून पाहा, हात आपोआप जुळतील.

दुसरं उदाहरण बंदुकीचं. बदकं मारायचा गेम, ‘डक हंट’. घोडा ओढला की पडदा एका चित्रापुरता पूर्ण काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा भाग असतो. आधी काळं आणि लगेच पांढरं दिसलं की बदक पडलं. पडदा आधी काळा का, तर कुणी बंदूक दिव्याकडे धरून फसवू नये म्हणून. हे सगळं चालतं ते जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच. त्या टीव्हीवर सिग्नल येताक्षणी चित्र उमटतं. एलईडी टीव्ही आधी अख्खं चित्र साठवतो, मोठं करतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीने बघायची वेळ टळून गेलेली असते. बंदूक खराब झाली म्हणून लोक टाकून देतात, आणि ती शंभर टक्के ठीक असते.

म्हणून जमलं तर एक जुना टीव्ही राखून ठेवा. भंगारवाला तो जवळजवळ फुकट नेतो आणि ट्यूब फोडून तांबं काढतो. चौदा किंवा एकवीस इंची, कुठल्याही कंपनीचा चालेल, मागे पिवळी-पांढरी एव्ही जोडणी असलेला उत्तम. पण तो स्वतः उघडू नका. ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत राहू शकतो. एलईडी टीव्हीवरच खेळायचं असेल, तर स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टर टाळा. जुन्या यंत्राचा २४० रेषांचा सिग्नल ते नेहमीचा ४८० रेषांचा समजतात. चित्र फाटतं आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते. या कामासाठी बनलेले स्केलर, म्हणजे जुनं चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करून देणारे डबे, वेगळे मिळतात. महाग आहेत, पण पैसे कामी लागतात.

आता ज्या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तो. या जुन्या गेम्समध्ये मजा ती काय?

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५चा. अख्खा गेम ४० केबीत बसतो. व्हॉट्सअॅपवर आलेला एक फोटो याहून मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच चित्र वापरून काढलंय, फक्त रंग वेगळा. एका आडव्या रेषेत आठपेक्षा जास्त हलती चित्रं यंत्राला दाखवता येत नाहीत, म्हणून गर्दी झाली की पात्रं लुकलुकतात. प्रोग्रामर मुद्दाम प्रत्येक वेळी वेगळी आठ दाखवतो, म्हणजे कुणीच पूर्ण गायब होत नाही. इतक्या तंग जागेत महिनोन्महिने पुरेल असा खेळ बसवायचा तर एकच वाट होती: खेळ अवघड करायचा, पण नियम स्वच्छ ठेवायचे. मेलात तर का मेलात ते कळलं पाहिजे. त्यामुळे पुन्हा खेळावंसं वाटतं, आणि प्रत्येक वेळी थोडं पुढे जाता येतं.

या नियमांची खोली कुठवर जाते ते बघा. निन्टेन्डोवरचा ‘टेट्रिस’ १९८९चा. डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने तो अशा टोकाला नेला की गेमच गोठला. माणसाने तो तिथवर नेल्याची ही पहिलीच नोंद. म्हणजे गेम जन्मला तेव्हा ज्या मुलाच्या आई-वडिलांचंही बालपण असेल, त्याला त्यात नवं करण्यासारखं शिल्लक होतं.

दुसरी गोष्ट, हे गेम शेजारी बसून खेळायचे होते. दोघांनी मिळून खेळायच्या ‘काँट्रा’चा तिसरा राउंड आठवा, धबधब्याचा. पडदा वर सरकत जातो. पुढचा घाईने वर चढला की मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला जातो आणि मरतो. शत्रूने न मारता भावाने मारलेलं असतं. किती घरांत यावरून भांडणं झाली असतील! पण त्याच राउंडने ‘थांब, मी येतो, मग चढ’ हे बोलायलाही लावलं. ‘बॅटल सिटी’मध्ये, आपल्या रणगाड्यांच्या गेममध्ये, जोडीदाराची गोळी लागली तर आपण काही क्षण जागीच अडकतो आणि तेवढ्यात आपण राखायचा गरुड उडवला जातो. बनवणाऱ्यांनी हे विचार करून घातलेलं आहे. दोन माणसं एका पडद्यासमोर बसली की त्यांच्यात काय होईल, हा त्या गेमचा खरा मालमसाला.

आमच्याकडे दिवाळीत पाहुणे आले की टीव्ही गेम निघतो. ज्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही अशा मावशीसुद्धा दहा मिनिटांत रणगाडा चालवायला लागतात, कारण चार दिशा आणि एक बटण एवढंच शिकायचं असतं. बटण दाबल्यावर गेम लगेच सुरू होतो. अपडेट नाही, खातं उघडायचं नाही, रोज हजेरी लावली तर नाणी मिळतील असला लकडा नाही. आजच्या काळातही अफाट सुंदर गेम बनतात, मी खेळतो आणि विकतही घेतो. पण मोबाइलवरच्या पुष्कळ गेम्सचं काम तुम्हाला रमवण्यापेक्षा धरून ठेवण्याचं झालंय. करमणूक झाली की माणसाला उठून जाता आलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणि आजचा गेम उद्या तुमच्याकडे राहीलच असं नाही. २०१४ साली निघालेला गाड्यांचा गेम ‘द क्रू’ कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून थांबवला. पैसे देऊन घेतलेली डिस्क लोकांच्या हातात तशीच राहिली, एकट्यानेसुद्धा खेळता येईना. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद केलं. जे फक्त तिथेच विकत मिळायचं ते नव्याने घेण्याची वाट बुजली. तुमच्या माळ्यावरच्या कॅसेटला कुणाची परवानगी लागत नाही.

राहिला संग्रहाचा प्रश्न. इंटरनेटवर ‘हे शंभर गेम हवेतच’ अशा याद्या मिळतात. त्या अमेरिकन किंवा जपानी घरांच्या याद्या आहेत. आपल्या नाहीत. ‘बॅटल सिटी’ नामकोने १९८५ मध्ये जपानमध्ये काढला. अमेरिकेतल्या निन्टेन्डोवर तो आलाच नाही, म्हणून तिकडच्या यादीत तो दिसत नाही. आपल्याकडे तो घराघरांत होता. तुम्ही त्या याद्यांमागे लागलात तर भरपूर पैसे घालवून दुसऱ्याच्या बालपणाची प्रत तयार कराल. आपल्याकडे विकली गेलेली यंत्रं, त्यांचे खोके, हिंदी-इंग्रजीत छापलेली माहितीपत्रकं, चार-पाच गेम्सच्या कॅसेटी, हातात धरून विटा रचायचा ब्रिक गेम, हे जमवा. जगातलं कुठलंही संग्रहालय हे तुमच्यासाठी जमवत बसणार नाही. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, इथे अजून वस्तू निघतात. सुटे भाग, अडॅप्टर, केबल यांसाठी पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड. मात्र सगळ्यात चांगला माल नातेवाइकांच्या माळ्यावरच असतो. विचारत राहा.

आणि ‘मुस्तफा’. पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचा तो गेम, खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमने १९९३ मध्ये काढलेला. मुस्तफा हे त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव, पिवळ्या टोपीवाल्याचं, आणि आपल्याकडे अख्खा गेम त्याच्याच नावाने चालला. तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला होता, त्यामुळे हक्क कॅपकॉमकडे एकहाती नाहीत. कंपनीने आपले किती जुने गेम संच करून पुन्हा विकले, पण हा कधी घरच्या यंत्रावर आलाच नाही. आपल्या एका पिढीचा सर्वांत लाडका गेम आज सरळ मार्गाने विकत घेता येत नाही. तो उरला आहे तो पार्लरच्या यंत्रांतल्या जुन्या सर्किट बोर्डांवर आणि एम्युलेटरमध्ये. असा बोर्ड कुठे दिसला, चालू असो वा बंद, मूळचा असो वा नकली, तर सोडू नका.

तेव्हा यंत्र ठेवा. आतून-बाहेरून फोटो काढा, चिपवरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून. वडिलांना विचारून कुठल्या दुकानातून, कधी, कितीला घेतलं ते लिहून खोक्यातच ठेवा, पावती असेल तर तीही. आणि तुमच्या गावात पार्लर चालवणारं कुणी अजून असेल तर त्यांच्याकडे जाऊन बसा. बोर्ड कुठून यायचे, बिघडले की कोण दुरुस्त करायचं, बोर्डावरच्या बारीक स्विचांनी एका नाण्याला किती लाइफ द्यायच्या हे कसं ठरवायचे, परीक्षेच्या दिवसांत धंदा किती उतरायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. आजवर कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.